साथीच्या काळात बंद पडलेले दवाखाने



पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत २०१४ साली इबोलाची साथ भडकली. तिने ११,३०० हून अधिक बळी घेतले, आणि हा आकडा जगभर पोहोचला. दुसरा आकडा मात्र फारसा कुणाच्या कानावर गेला नाही. याच काळात उपचारांअभावी मलेरिया, क्षय आणि एचआयव्हीने जे जादा लोक दगावले, त्यांची संख्या संशोधकांच्या एका अंदाजानुसार दहा हजारांवर जाते. आज मला बोलायचं आहे ते या लोकांबद्दल.

दवाखाने बंद का पडले? प्रसूतिगृहाच्या दारात उभं राहून बघा. इबोला रक्तातून, उलटीतून, शरीरातल्या स्रावांतून पसरतो. बाळंतपण म्हटलं की रक्त आणि पाणी आलंच. कळा सुरू झालेली बाई दारात आली, अंगात ताप आहे, रक्त जातंय. ती इबोलाची रुग्ण की नुसती अडलेली बाई, हे बघून कळत नाही. तपासणीचा अहवाल येईपर्यंत बाळ थांबत नाही. नर्सकडे पुरेसे हातमोजे नाहीत, कित्येक ठिकाणी नळाला पाणीसुद्धा नाही. या साथीत ८०० हून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण झाली आणि त्यातले ५०० हून अधिक गेले. साथीआधी लायबेरियात ४० लाखांवर लोकसंख्येला जेमतेम पन्नासेक डॉक्टर होते. अशा वेळी एखाद्या नर्सने दार लावून घेतलं, तर तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. जोखीम भत्ता थकला म्हणून लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये कर्मचाऱ्यांनी संपही केले. माझ्या मते तो भत्ता वेळेवर देणं हा औषधोपचाराचाच भाग होता.

जे दवाखाने उघडे राहिले, तिकडेही लोक फिरकेनात. तिथे गेलं की इबोला चिकटतो, अशी धास्ती बसली होती.

मलेरियाचा पेच आणखी अवघड. त्याचा ताप आणि इबोलाचा सुरुवातीचा ताप सारखाच दिसतो. मलेरियाची साधी चाचणी करायची तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यावा लागतो, आणि त्या थेंबाचीच भीती. मग एक धाडसी वाट काढली गेली. लायबेरियाची मनरोव्हिया आणि सिएरा लिओनची फ्रीटाऊन या राजधान्यांमध्ये चाचणी न करता, ताप येण्याची वाटही न बघता, लाखो लोकांना मलेरियाच्या गोळ्या वाटल्या. मलेरियाचे तापकरी कमी झाले, की इबोलाच्या केंद्रांपुढची गर्दीही हटणार होती, आणि मलेरियाचा रुग्ण इबोलाच्या रुग्णांशेजारी बसण्याचा धोकाही टळणार होता. नेहमीच्या दिवसांत कुठलाही डॉक्टर अशी सरसकट औषधं देणार नाही. पण सेवा चालू ठेवायची म्हणजे नेहमीची पद्धत जशीच्या तशी रेटायची, असं नव्हे.

लसीकरण खंडित झाल्याची किंमत उशिरा कळली. लसी चुकलेल्या मुलांमध्ये गोवर पसरला, आणि इबोला ओसरत असतानाच गोवराच्या मोहिमा हाती घ्याव्या लागल्या.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. भारतात २०१९ साली क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. कोविडच्या २०२० साली ती १८ लाखांवर आली. क्षय काही कमी झाला नव्हता. लोक तपासणीला पोहोचले नाहीत, आणि क्षयाचा जो रुग्ण औषधाविना घरी खोकत राहतो, तो घरातल्यांनाही आजार देतो.

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात बोटी आणि तंबूंच्या यादीशेजारी आणखी एक यादी असावी, असा माझा आग्रह आहे: या महिन्यात कोण बाळंत होणार आहे, क्षयाच्या गोळ्या कुणाच्या चालू आहेत, इन्सुलिन कुणाला लागतं, डायलिसिसला कोण जातं. आपल्या आशाताईंना यातली बहुतेक घरं ठाऊक असतात. रस्ता बंद झाला तर त्या घरी औषध कोण आणि कसं पोहोचवणार, हे त्या यादीत नावासमोर आधीच लिहिलेलं हवं.