केस गेले, तोंड का लपवायचं?

आम्ही शेगाव तालुक्यात महिला बचत गटांचं काम पाहणाऱ्या ताई बोलतोय. कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेतातून येऊन नुकतेच हातपाय धुतले असतील. हात चालू ठेवा, कान फक्त आमच्याकडे द्या. आज आपल्याला केसांबद्दल, नखांबद्दल आणि कातडीबद्दल बोलायचं आहे. आणि आमच्या हातून झालेली एक चूकही सांगायची आहे.

२०२४ चा डिसेंबर संपत आला होता. आपल्या तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा अशा गावांतून एकच गोष्ट कानावर यायला लागली. आधी डोक्याला खाज सुटते, मग केस राठ होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओढले की मूठभर केस हातात येतात. बाया, माणसं, लेकरं, कुणीच सुटलं नाही. जानेवारीत वर्तमानपत्रवाले आले, टीव्हीवाले आले. कुणीतरी ‘टक्कल व्हायरस’ असं नाव ठेवलं आणि ते नाव आजारापेक्षा वेगानं पसरलं. व्हायरस म्हटलं की आपल्याला करोना आठवतो. मग काय, आपल्या गावाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस दोन पावलं मागं सरकायचा.

आता आमची चूक ऐका. त्या जानेवारीत एका गावात आमच्या गटाची बैठक होती. गटातली एक बाई आली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. हप्ता द्यायला वाकली तेव्हा पदर सरकला. डोक्यावर मधोमध तळव्याएवढी जागा मोकळी. कुणी काही बोललं नाही. पण तिच्या बाजूच्या दोघी हळूच सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. आम्ही ते पाहिलं. आम्हीही गप्प बसलो. खरं सांगायचं तर तिनं दिलेल्या नोटा आम्ही बोटांच्या टोकांनी उचलल्या.

पुढच्या दोन बैठकींना ती आली नाही. आम्ही घरी गेलो तर दाराआडूनच म्हणाली, “ताई, मी नाही येत बैठकीले. केसं गेले त गेले, पण पोरीले पाहाले पाहुणे येणार होते, त्याहीचा फोन आला, पुढच्या वर्षी पाहू म्हणे. आता मायी पोरगी काहून भोगंल व?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. तिला आम्ही कसंबसं गावातल्या आरोग्य शिबिराला नेलं. तिथं त्वचारोगाच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? खुर्ची जवळ ओढली आणि तिच्या डोक्यावरून आपला उघडा हात फिरवला. सगळ्यांसमोर. मग म्हणाल्या, “मावशी, असे केस गेलेले मी सकाळपासून कितीतरी जणांचे पाहिले, हातानंच पाहिले. मला काही झालं का?” त्या एका हातानं जे काम केलं, ते आम्ही महिनाभर करायला पाहिजे होतं. त्याच संध्याकाळी आम्ही तिच्या घरी जाऊन, तिच्या हातचा चहा पिऊन माफी मागितली.

मैत्रिणींनो, कारण शोधायला खूप जण आले. सुरुवातीला बुरशीचा संशय होता. मग पाण्याचा. आपला भाग खारपाणपट्ट्यातला, त्यामुळं पाण्याकडं बोट जाणं साहजिक होतं. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. पण खारं पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पितोय, केस कधी असे गेले नव्हते. मग आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं. त्यांनी रक्ताचे, केसांचे नमुने नेले. बाधित लोकांच्या शरीरात सेलेनियम नावाचं द्रव्य वाढलेलं आढळलं.

त्याच सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या गावांत येऊन गेले. महाडला विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केलेले, २०२२ चे पद्मश्री, तेच. त्यांनी लोकांचं रक्त, लघवी, केस तपासून घेतले आणि सोबत घरातला रेशनचा गहूही तपासून घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं, आणि गहू धुतल्यावरसुद्धा १३.६१ राहिलं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांच्या रक्तात जस्त कमी असल्याचंही त्यांनी सांगितलं.

आता हा आकडा आपल्या परातीत मोजू. सेलेनियम विष आहे का? नाही. ते शरीराला लागतं, पण अगदी कणभर, दिवसाला ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसासाठी ४०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. मध्यम आकाराच्या एका पोळीला ३० ग्रॅम पीठ धरा. डॉ. बावस्करांचा आकडा घेतला तर तेवढ्या पिठात ४३५ मायक्रोग्रॅम सेलेनियम येतं. म्हणजे पहिल्याच पोळीला मर्यादा ओलांडली. आपण काही एका पोळीवर उठत नाही. मीठ जसं चिमूटभर हवं आणि मूठभर पडलं तर भाजी वाया जाते, तसंच हे.

गव्हात ते येतं कुठून? मातीतून. पंजाबात शिवालिक डोंगरांच्या पायथ्याला, होशियारपूर आणि नवांशहर भागात, काही ठिकाणच्या मातीत सेलेनियम मुळातच जास्त आहे. पीक ते मुळांतून ओढतं आणि दाण्यात साठवतं. चीनमध्ये एन्शी नावाच्या भागात १९६० नंतरच्या काही वर्षांत असंच झालं होतं. दुष्काळात भाताचं पीक गेलं, लोक तिथल्या मातीतला मका आणि भाजीपाला जास्त खाऊ लागले आणि गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली. म्हणजे हे आपल्या कुणाच्या पापामुळं झालं नाही, अस्वच्छतेमुळं नाही, करणीमुळं तर नाहीच नाही.

मग नखांचं काय? एप्रिलमध्ये त्याच गावांत नखं पांढरी पडून, ठिसूळ होऊन गळायला लागली, तेव्हा लोक पुन्हा घाबरले. नवीन साथ आली म्हणाले. पण जरा हिशेब करा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर. नखाच्या मुळाशी हिवाळ्यात जे बिघडलं, ते सरकत सरकत वर दिसायला उन्हाळा येतो. म्हणून केस आधी गेले, नखं मागून. नख ही आपल्या मागच्या चार-सहा महिन्यांची वहीच आहे म्हणा ना.

एक गोष्ट मात्र सांगताना बरं वाटतं. केसांची मुळं मेली नव्हती, त्यामुळं अनेकांचे केस परत आले. आमच्या त्या बाईचे केस उन्हाळ्यात बोटभर झाले होते. बैठकीला ती पदर न घेता आली आणि सतरंजीच्या मधोमध बसली. पोरीचं लगन अजून ठरायचं आहे. ते खोटं सांगणार नाही.

आणि आमच्या गटालाही एक किंमत मोजावी लागली. मार्च-एप्रिल म्हणजे आपला कुरडया-शेवयांचा हंगाम. एका गटानं भिजवलेल्या गव्हात थोडा रेशनचा गहू मिसळला होता. बैठक बसली. कुणी म्हणालं, कोण विचारतं, विकून टाका. कुणी म्हणालं, थोडाच तर आहे. शेवटी तीच बाई बोलली, “आपल्यावर बेतलं ते दुसऱ्याच्या लेकरावर नोका घालू.” तो सगळा माल आम्ही विकला नाही. हप्ते थकले, पुढचे दोन महिने ओढाताण झाली. पण आज गिऱ्हाईक आमच्या कुरडया घेताना गहू कुठला म्हणून विचारतं, तेव्हा आम्ही मान वर करून सांगतो.

आता कामाच्या गोष्टी. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

पहिलं, अंगावर काही बदल दिसला की तारीख लिहा. केव्हा सुरू झालं, घरात आणखी कुणाला आहे, त्या महिन्यात धान्य कुठलं खाल्लं. मोबाइलवर फोटो काढा. गळलेले केस कागदाच्या पुडीत ठेवा. एकाच घरात किंवा गल्लीत दोघांना सारखाच त्रास दिसला, तर त्याच दिवशी आशाताईंना सांगा. एकटीचं दुखणं घरातच राहतं, दहा जणींचं एकत्र सांगितलं की पथक येतं.

दुसरं, धान्याचा नमुना. रेशनचा असो की बाजारचा, शंका आली तर किलोभर धान्य कोरड्या पिशवीत बांधून, तारीख लिहून ठेवा. फेकून देऊ नका, तोच पुरावा असतो. गावाच्या दक्षता समितीत बोला, १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. आणि ताटात एकच धान्य ठेवू नका. ज्वारीची भाकर आपली आहेच, तिला विसरू नका.

तिसरं, केस गळतात म्हणून मनानं गोळ्या घेऊ नका. केसांच्या म्हणून मिळणाऱ्या कितीतरी गोळ्यांत सेलेनियमच असतं. जे जास्त झालंय तेच आणखी घालायचं का? केस गळण्याची कारणंही एक नसतात. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस गळतात आणि बहुधा आपोआप थांबतात. रक्त कमी असलं, थायरॉईड बिघडलं तरी गळतात. नाण्याएवढी गोल, गुळगुळीत जागा पडली तर तिला आपण चाई म्हणतो, ती वेगळी. कोणती कोणाची, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

चौथं, ती ट्यूब. गजकर्ण झालं, की आपण मेडिकलवर जाऊन “खाजेची ट्यूब द्या” म्हणतो. त्यातल्या पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश. आत बुरशी मात्र वाढत जाते, कातडी पातळ होते, चट्टे मांड्यांवरून पोटापर्यंत येतात. शेजारणीची ट्यूब लेकराला लावणं तर त्याहून वाईट. गजकर्णाचं औषध डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे लावायचं, डाग दिसेनासा झाला तरी. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावायचं, नाहीतर ती घरातल्या घरात फिरत राहते. धुणं-भांडी करून नखुरडं झालं, पावसाळ्यात बोटांत चिखल्या झाल्या, तर हात-पाय कोरडे ठेवणं हे अर्धं औषध.

पाचवं, फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं टोचलेलं कळत नसेल, तर एक दिवसही थांबू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं आणि माणूस पूर्ण बरा होतो. लपवलं तर बोटं वाकडी होतात.

दाखवायचं कुठं? आधी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून ते खामगावला किंवा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतील. चिठ्ठी मागून घ्या आणि भाड्याला पैसे नसतील तर गटाला सांगा. गट त्यासाठीच आहे.

मैत्रिणींनो, पोटात दुखलं तर आपण सांगतो. ताप आला तर सांगतो. केस, नखं, कातडी बिघडली की मात्र पदर ओढतो. कारण दुखण्यापेक्षा लोकांच्या नजरेची भीती जास्त. आणि ती नजर कुणाची असते? आपलीच. त्या दिवशी सतरंजीच्या टोकाला सरकलेल्या आपणच होतो.

या आठवड्याच्या बैठकीला एवढंच करा. कुणी बाई दोन-तीन वेळा आली नसेल, तर तिच्या घरी जा. दार उघडलं नाही तर ओट्यावर बसा. चहा मागा. तिच्या हातचा प्या.

नमस्कार. पुढच्या मंगळवारी पुन्हा भेटू.