पिवळा इशारा आणि आमची काजूची बाग

आमच्या गटाच्या बैठकीत आता हप्ते गोळा करायच्या आधी हवामानाचा इशारा वाचला जातो. गेल्या चैत्रात वाचला असता, तर गटाची तीस काजूची कलमं वाचली असती. दिवस पिवळ्या इशाऱ्याचा होता. खाली कुणीतरी भाजावळ लावली आणि वणवा चढावरून थेट बागेत आला.

किनाऱ्यावर पारा निदान 37 अंशांवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला, की हवामान विभाग उष्णतेची लाट धरतो. विदर्भासारख्या सपाटीवर तोच आकडा 40. आपल्याकडे घामच वाळत नाही, अंग थंड कसं व्हायचं? पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, खारा वारा उशिरा सुटतो, तेव्हा पारा चढतो. त्याच वाऱ्यानं सड्यावरचं गवत कडकडीत वाळतं. म्हणून उन्हाचा इशारा हाच आम्ही वणव्याचाही धरतो.

समुद्राचा इशारा वेगळा, तो हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून येतो. दूर दक्षिण हिंदी महासागरात वादळ होतं आणि त्याच्या लाटा काही दिवसांनी इथवर पोचतात. इथे वारा नाही, आभाळ स्वच्छ, म्हणून फसगत होते. केरळात याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. भरतीच्या वेळी त्या आल्या, तर वाळूवर वाळत घातलेली मासळी गेलीच समजा.

तेव्हा इशारा असेल त्या दिवशी भाजावळ बंद आणि मासळी वरच्या अंगणात, असं आम्ही ठरवलंय. घरातले म्हातारे अजून कुरकुरतात. कलमं मात्र या पावसात पुन्हा लावणार आहोत.