गंजलेला बोल्ट

लखनौच्या मानक नगरात भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संस्था आहे. १९३० साली निघालेली मानक कचेरी आणि १९५२ चे चाचणी व संशोधन केंद्र एकत्र करून १९५७ साली ती स्थापन झाली. डबे व वाघिणी यांचे अभिकल्प करणे, त्यांच्या भागांची मानके ठरविणे, हे तिचे कार्य. तथापि मापात बसविलेल्या बोल्टालाही गंज सोडीत नाही. वाघिणीची स्प्रिंग असो वा घरच्या अंगणात बदलावयाचे मालमोटारीचे पाटे असोत, पहिली गाठ त्याच्याशीच पडते.

गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. तो आट्यांतील फट भरून टाकतो आणि नट व बोल्ट एकजीव होतात. अशा वेळी पान्याला लांब नळी जोडून जोर केल्यास बोल्टच तुटण्याची भीती असते.

जाणता कारागीर प्रथम गाडी भक्कम टेकूंवर ठेवतो. केवळ जॅकच्या भरवशावर तो खाली शिरत नाही. तारेच्या ब्रशाने आटे घासून तो त्यांत पातळ तेल सोडतो व रात्रभर मुरू देतो. सकाळी हलके ठोके द्यावयाचे, नट किंचित आवळावयाचा, किंचित सैल करावयाचा. आच द्यावयाची ती नटालाच, आणि तीही तेल पुसून. पाट्याला लागली तर पोलादाचे पाणी उतरते. इतक्यानेही भागले नाही, तर डोळ्यांवर चष्मा चढवून नट छिन्नीने फोडावा. नवा बोल्ट बाजारात मिळतो. उतावळेपणाने गमावलेले बोट मिळत नाही.