आठवण गेल्यावर कोण उरतं?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



वर्गात कधी हात वर न करणाऱ्या मुलाच्या हाती तुम्ही माईक दिलात, तेव्हा जबाबदारी संयोजकांची!

मी बोलणार आहे स्वामी चिन्मयानंदांविषयी. मूळचे एर्नाकुलमचे बाळकृष्ण मेनन. लखनौला शिकले, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले, पुढे पत्रकार झाले. हृषीकेशला गेले ते साधूंचं पितळ उघडं पाडायला; पण तिथे स्वामी शिवानंद भेटले आणि १९४९ साली त्यांच्याकडूनच संन्यास घेतला. नंतर उत्तरकाशीला तपोवन महाराजांपाशी उपनिषदं शिकले. पहिला ज्ञानयज्ञ केला तो आपल्या पुण्यात, ३१ डिसेंबर १९५१ पासून, आणि तोही इंग्रजीतून. उपनिषदं इंग्रजीत आणि सगळ्यांना खुली, हे सनातनी मंडळींना रुचलं नाही. मला मात्र वाटतं, शंका घेऊन आलेल्या माणसालाच शंकेखोरांशी बोलता येतं.

मी त्यांना मुंबईत ऐकलं, तेव्हा वीज मंडळात नुकताच लागलो होतो. त्यांचा एक तक्ता प्रसिद्ध आहे. शरीर, मन, बुद्धी ही तीन साधनं. त्यांतून आपण पाहणारे, भावना अनुभवणारे, विचार करणारे होतो. समोर वस्तू, भावना, विचार. सगळ्यांच्या वर ॐ, म्हणजे चैतन्य. वीज एकच, दिव्यात उजेड होते, पंख्यात वारा. हे उदाहरण आम्हा वीजवाल्यांना लगेच पटतं. दिवा गेला तरी होल्डरला दाब असतोच. पण तो आम्ही टेस्टर लावून बघतो. चैतन्याला टेस्टर कुठला? हे विचारायला मी उठलो नाही. सवयच तशी!

हा प्रश्न परत आला आईच्या आजारपणात. शेवटची दोन वर्षं ती मला ओळखत नव्हती, तिचा धाकटा भाऊ समजायची. मी तो तक्ता काढून बसायचो. शरीर थकलं, बुद्धी गेली, मन सैरभैर. मग हिच्यात आता जाणतंय कोण?

वेदान्ताचा युक्तिवाद असा: गाढ झोपेतून उठल्यावर आपण म्हणतो, ‘छान झोप लागली, काही कळलं नाही.’ काही कळलं नाही हे कुणाला कळलं? त्या साक्षीला. मला हा युक्तिवाद फार आवडायचा. पण उठून तसं सांगायलाही आठवण लागते ना? आईकडे नेमकी तीच नव्हती. जाणिवेला आठवण लागत नाही, सांगायला लागते, असं यावर उत्तर देतात. ते खरंही असेल. रात्री दोन वाजता आई स्वतःच्याच घरात ‘मला घरी सोड’ म्हणून रडायची, तेव्हा ते मला पुरत नसे.

आणि तरीही, मी ऑफिसातून आलो की ती विचारायची, ‘भाऊ, जेवलास का?’ भाऊ म्हणून का होईना, दारातून आलेला माणूस भुकेला असेल हे तिला कळत होतं. तक्त्यात हे कुठे लिहायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपल्या संस्कृतच्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, चहाच्या वेळी मी तुमच्या शेजारी बसतो.