घराचा हिशेब, जगाचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या विदुषीला बोलवावे असा प्रघात आहे. यंदा आपण एका बांधकामवालीला बोलाविलेत, त्याचे कारण मला ठाऊक आहे. पापड-मसाल्यांच्या विक्रीतून आणि वर्गणीतून पैसा जमवून मंडळाने स्वतःची वास्तू उभारावयाचे ठरविले आहे. तेव्हा हिरवे घर म्हणजे काय, त्याने जगाचे काय भले होते आणि ते आपल्याला परवडेल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मी द्यावीत अशी कार्यवाहबाईंची आज्ञा झाली. भाषण करण्याची मला सवय नाही. विटा, वाळू आणि सिमेंट यांचा हिशेब मांडणे हा माझा रोजचा उद्योग. तोच आज आपल्यापुढे मांडते.

आमचा व्यवसाय अगदी लहान. वर्षाकाठी चार-पाच घरे, आणि गवंडी, सुतार, मदतनीस मिळून माणसे चौदा. एवढ्याशा व्यवसायाचा जगाच्या भल्याशी संबंध जोडणे म्हणजे खारीने सेतूचे श्रेय घेणे, असे कुणाला वाटेल. म्हणून आधी ते जगाचे काम काय आहे, ते सांगते.

२०१५ सालच्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सभासद देशांनी एकमताने १७ उद्दिष्टे ठरविली आणि ती २०३० सालापर्यंत गाठावयाची असा निश्चय केला. दारिद्र्य आणि भूक नाहीशी व्हावी, पृथ्वीची हानी थांबावी आणि पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचे आपण आजच संपवू नये, असा त्यांचा मथितार्थ. यादी वाचताना वाटते, ही कामे मोठमोठ्या सरकारांची. आपला तेथे काय पाड? पण जरा बारकाईने पाहा. पाचवे उद्दिष्ट स्त्री-पुरुष समानतेचे, सहावे पाण्याचे, सातवे ऊर्जेचे, आठवे सन्मानाच्या रोजगाराचे, अकरावे शहरे आणि वसाहती यांचे, बारावे वस्तू जपून वापरण्याचे, तेरावे हवामानाचे. यांपैकी कोणते उद्दिष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर राहते, सांगा बरे! जगात ऊर्जा वापरल्यामुळे आणि कारखान्यांतल्या प्रक्रियांमुळे जो कार्बन डाय-ऑक्साइड वायू हवेत जातो, त्याचा सुमारे एक-तृतीयांश भाग इमारती बांधण्यामुळे आणि वापरण्यामुळे जातो. आणि २०२४ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात सांगितले आहे, की ठरविलेल्या कामांपैकी जेमतेम १७ टक्के कामे वेळेवर पुरी होण्याच्या वाटेवर आहेत. सरकारांची सही झाली, पण भिंत मात्र पूर्वीसारखीच बांधली जात आहे.

म्हणून भिंतीपासूनच सुरुवात करू. आपल्या कृष्णाकाठी वीट मुबलक. वीट म्हणजे भाजलेली माती. माती शेतातली वा नदीकाठची, आणि भाजावयास इंधन. आम्ही विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचतो, आणि दोन उभ्या विटांच्या मध्ये पोकळी राखतो. हिला रॅट-ट्रॅप पद्धत म्हणतात, कारण वरून पाहिले तर उंदराच्या पिंजऱ्यासारखे घर दिसते. भिंत तेवढ्याच जाडीची, ९ इंचांची, पण विटा सुमारे चौथा हिस्सा कमी लागतात. समजा एखाद्या घराला २०,००० विटा लागणार असतील, तर ५,००० वाचल्या. वीट ३ किलोची धरली तर १५ टन माती जागच्या जागी राहिली आणि तेवढी भाजणावळ टळली. शिवाय पोकळीतल्या कोंडलेल्या हवेमुळे बाहेरचे ऊन आत लवकर येत नाही. काम नीट केले तर बाहेरून गिलाव्याचीही गरज नाही. दरजा भरल्या की पुरे.

ही युक्ती आमची नव्हे. भारतात ती रूढ करण्याचे श्रेय लॉरी बेकर यांना आहे. ते १९१७ साली इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे जन्मले, तरुणपणी हिंदुस्थानात आले आणि येथलेच झाले. पुढे तिरुअनंतपुरमला राहून त्यांनी गरिबांची घरे, शाळा, दवाखाने बांधले आणि २००७ साली तेथेच देह ठेवला. तरुणपणी मुंबईत त्यांची गांधीजींशी भेट झाली होती. आदर्श घराचे सारे सामान पाच मैलांच्या आत मिळावे, हे गांधीजींचे म्हणणे बेकर पुढे आयुष्यभर सांगत असत. सिमेंट आणि लोखंड पाच मैलांत कोठून मिळणार? तो नियम मी अक्षरशः पाळू शकत नाही. पण मापट्यासारखा त्याचा उपयोग करते. प्रत्येक वस्तू किती दुरून येते हे लिहून काढले, की निम्म्या वस्तू जवळच मिळतात असे आढळते. जुने वाडे पाडले जातात, तेव्हा सागवानी दारे, चौकटी, तुळया कवडीमोलाने विकल्या जातात. त्या घासूनपुसून नव्या घरात बसविल्या, तर नव्या लाकडापेक्षा टिकाऊ ठरतात.

आता सिमेंट. चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवून क्लिंकर करतात आणि ते दळले की सिमेंट. आपल्या आज्यांच्या काळी चुन्याची भट्टी लागत असे, तसाच हा प्रकार. एक टन क्लिंकर होताना चुनखडीतूनच सुमारे अर्धा टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीच्या इंधनाचा आणखी वेगळा. म्हणून सिमेंट जेथे हवे तेथे आणि हवे तेवढेच वापरावे, आमटीतल्या मिठासारखे. औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी राख मिसळलेले पोझोलाना सिमेंट बाजारात सहज मिळते. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते, म्हणजे तेवढे क्लिंकर कमी. पोत्यावरचे अक्षर वाचून घेण्याचा एवढाच काय तो कष्ट.

स्लॅबचेही तसेच. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळया सोसतात. तेथले काँक्रीट बरेचसे त्या सळया धरून ठेवण्यापुरते असते. म्हणून सळयांच्या मधल्या चौकोनांत जुनी मंगळुरी कौले बसवून वर काँक्रीट ओतले, तर काँक्रीट वाचते, वजन घटते आणि लोखंडही थोडे कमी लागते. खालून छत नक्षीदार दिसते, तो लाभ फुकटचा. मात्र याचे गणित इंजिनिअरकडूनच करून घ्यावे. अंदाजाने हे काम करू नये.

ऊन आणि पाणी यांना तर पैसाही पडत नाही, फक्त आधी विचार पडतो. घराच्या लांब भिंती उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे घेतल्या, पश्चिमेला जिना, कोठी किंवा न्हाणीघर ठेवले, खिडक्यांवर पुरेसे छज्जे काढले आणि गच्चीला पांढरा चुना दिला, की पंखा एक घर खाली चालतो. पश्चिमेला मोठी काच बसवावयाची, मग तिच्यामुळे झालेला उकाडा घालविण्यासाठी वातानुकूलित यंत्र बसवावयाचे, आणि गच्चीत चार कुंड्या ठेवून त्याला हिरवे घर म्हणावयाचे, याला मी हिरवा रंग म्हणेन, हिरवे घर म्हणणार नाही. आणि पाणी? १,००० चौरस फुटांची गच्ची असली आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर तिच्यावर सुमारे ५५,००० लिटर पाणी पडते. यातले शेकडा ८० जरी पन्हळीतून गाळून टाकीत वा आडात सोडले, तरी ४४,००० लिटर झाले. पाच माणसांच्या घराला पिण्यास आणि स्वयंपाकास दिवसाला २५ लिटर पाणी लागते असे धरा. उन्हाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी ३,००० लिटरच्या टाकीत होते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्थानिक सामान म्हणजे आपोआप चांगले घर, असे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे गेली ती स्थानिक दगड-मातीच्या घरांखालीच. भिंती जाड होत्या, पण आतला आणि बाहेरचा थर यांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, आणि वर मातीचे जड धाबे. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. म्हणून आम्ही जोत्याला आणि खिडक्या-दारांच्या वर काँक्रीटची सलग पट्टी फिरवितो, आणि रॅट-ट्रॅप भिंतीच्या कोपऱ्यांतल्या पोकळीत उभी सळई घालून ती भरून घेतो. काळ्या मातीच्या दाबलेल्या विटा कुणी सुचविल्या, तर नको म्हणतो. ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाने तडकते. आणि २०१९ च्या ऑगस्टातला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना जोते किती उंच घ्यावे हे मी सांगावयास नको. जे घर पडते किंवा बुडते ते पुन्हा बांधावे लागते, आणि दोनदा बांधलेले घर कधीच हिरवे नसते.

आता ज्या गोष्टीसाठी मी विशेषेकरून येथे आले ती सांगते. बांधकामावर बाई दिसते ती घमेले वाहताना. वर्षानुवर्षे विटा तिने वाहावयाच्या आणि रचावयाच्या गवंड्याने. मजुरीतही तेवढाच फरक. आमच्याकडे दोन भगिनींनी थापी हाती घेतली, तेव्हा जुन्या गवंड्यांनी कुरकुर केली, की बाईच्या हाताला ओळंबा कळत नाही. ओळंबा वजनाने लोंबतो. तो बाईचा हात आणि पुरुषाचा हात ओळखत नाही. रॅट-ट्रॅपच्या कामाला घाई चालत नाही, वीट न वीट कडेवर नीट बसवावी लागते, आणि या दोघींच्या भिंती आज आमच्याकडे सर्वांत सरळ असतात. त्यांना गवंड्याची पूर्ण मजुरी मिळते. झारखंडात तर शौचालये बांधणाऱ्या स्त्रिया राणी मिस्त्री या नावाने प्रसिद्ध झाल्या. आमच्या माणसांनी बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवावयाचे, तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो वेळेवर लिहून देणे हे माझ्यासारखीला कागदाचे एक पान, पण त्या घराला मुलांच्या शिक्षणाच्या मदतीची वाट. पाचवे आणि आठवे उद्दिष्ट म्हणतात ते याहून निराळे काय असते?

एवढ्याने जगाचे तापमान उतरेल काय? चार-पाच घरांनी नाही उतरणार. पण एक विचार करा. आपल्याकडची बहुतेक घरे मोठ्या कंपन्या बांधीत नाहीत. घरमालक एखादा गवंडी गाठतो आणि घर उभे राहते. तो गवंडी आमच्याकडे एक रीत शिकला, तर पुढल्या गावी ती घेऊन जातो. लहान व्यवसायाचे खरे देणे घरांच्या संख्येत नाही, शिकलेल्या हातांत आहे.

परवडेल काय, या प्रश्नाचे उत्तर मी गोड करून सांगणार नाही. विटा, सिमेंट आणि काँक्रीट यांचा खर्च कमी होतो; कसबी हातांचे दिवस वाढतात; पाण्याच्या टाकीचा खर्च वरचा असतो. फार स्वस्त पडेल असे वचन मी देत नाही. पण जो पैसा भट्टीला आणि ट्रकला गेला असता, त्यातला बराच गावातल्या माणसांच्या हातांत राहतो, आणि विजेचे बिल दरमहा हलके येते.

म्हणून भगिनींनो, मंडळाच्या वास्तूचे काम कुणालाही द्या, मलाच द्या असा माझा आग्रह मुळीच नाही. पण देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. विटा आणि सिमेंटची पोती किती लागणार? सामान कोठून येणार? पश्चिमेच्या उन्हाची आणि छपरावरच्या पाण्याची काय सोय? भूकंपाची पट्टी आणि पुराची उंची यांचे काय? आणि कामावरच्या बायकांना थापी मिळणार की नुसते घमेले? ज्याच्याजवळ या प्रश्नांची उत्तरे नाहीत, त्याने पाटीवर हिरवे झाड काढले असले तरी त्याला नमस्कार करून परत पाठवा. चार आण्यांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस करणाऱ्या आयांच्या आपण मुली. आयुष्याच्या पुंजीचा हिशेब विचारावयास आपण संकोच का करावा?

मंडळाची वास्तू लौकर उभी राहो, आणि तिच्या भिंतीतल्या काही विटा तरी बायकांच्या हातांनी रचलेल्या असोत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.