परिचारिकेचें नेतृत्व

सोलापूर शहराला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा अभिमान आहे, आणि तो यथार्थ आहे. १९१० सालीं येथें जन्मलेले हे तरुण डॉक्टर १९३८ सालीं चीनमध्यें गेले आणि तेथील जखमी सैनिकांवर उपचार करतां करतां १९४२ सालीं, वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होतात न होतात तोंच, त्यांनीं देह ठेवला. ही कथा येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्यांच्या पत्नी श्रीमती कुओ छिंग-लान या स्वतः परिचारिका होत्या, आणि चीनमधील बेथ्यून यांच्या नांवाच्या वैद्यकीय विद्यालयांत त्या परिचर्येचें शिक्षण देत असत, हें फार थोड्यांना माहीत असतें. डॉक्टरचें नांव लोकांच्या ओठीं राहतें. परिचारिका घडविणारीचें नांव पुसट होतें. श्रोतेहो, यांत कोणाचा दोष काढावयाचा नाहीं. पण या विसराळूपणाच्या मुळाशीं एक समजूत आहे, ती तपासून पाहण्यासारखी आहे. ती अशी कीं, परिचारिका ही सांगितलेलें काम करणारी आहे. काम ठरविणारी, वांटणारी आणि करवून घेणारी नव्हे.

ही समजूत कितपत खरी आहे हें पाहावयाचें असेल, तर मोठ्या रुग्णालयाच्या एका कक्षांत चोवीस तासांत काय घडतें तें डोळ्यांपुढें आणावें. सोलापुरांतील श्री छत्रपति शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला गांवांतील माणसें नुसतें 'सिव्हिल' म्हणतात, तेथें जिल्ह्याच्या तालुक्यातालुक्यांतून, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतून आणि कर्नाटकाच्या सीमेपलीकडूनही रुग्ण येतात. ओळीनें मांडलेल्या चार खाटांवर मराठी, कानडी, तेलगू आणि उर्दू अशा चार भाषा ऐकूं याव्या, असें हें शहर आहे. डॉक्टर सकाळीं फेरी घालतात, रुग्ण तपासतात, औषध लिहून पुढील कक्षांत जातात. उरलेला दिवस आणि सबंध रात्र परिचारिकेची असते. कोणाचें सलाईन संपत आलें, कोणाचा श्वास मघांपेक्षां जड झाला, कोणाकडे आधीं धांवावें आणि कोणाला पांच मिनिटें थांबवितां येईल, शस्त्रक्रियेहून आलेल्या माणसाजवळ कोणती मुलगी ठेवावी, औषधांच्या कपाटाची किल्ली कोणाच्या हातीं द्यावी, कक्षसेवक आला नाहीं तर त्याचें काम कोणी उचलावें, कानडी बोलणाऱ्या आजीबाईंचें दुखणें समजून घेण्यास कोणाला हांक मारावी, हे सारे निर्णय तिचे असतात. त्यांना कोणी नेतृत्व म्हणत नाहीं, इतकेंच.

शासकीय रुग्णालयांत या कामाची एक शिडी आहे. पहिल्या पायरीवर अधिपरिचारिका. तिच्यावर एका कक्षाची जबाबदारी वाहणारी परिसेविका, जिला लोक 'इन्चार्ज सिस्टर' म्हणतात. आणि सर्वांत वर अधिसेविका, म्हणजे पूर्वापार ओळखीची मेट्रन. ही शिडी चढावयाची ती बहुधा सेवाज्येष्ठतेनें. पंधरा-वीस वर्षें हलक्या हातानें सुई टोचणारी, नेटकेपणानें जखम बांधणारी, रात्रपाळी न चुकविणारी बाई एके दिवशीं परिसेविका होते. त्या दिवसापासून तिचें काम बदलतें. कालपर्यंत तिनें रुग्ण सांभाळले; आजपासून रुग्ण सांभाळणाऱ्यांना सांभाळावयाचें असतें. सुगरण स्त्रीवर एकदम दोनशें पानांच्या पंक्तीची व्यवस्था सोंपविली, तर नुसती हाताची चव तेथें पुरत नाहीं. तेथें हिशेब लागतो, माणसें लागतात, वेळेचें गणित लागतें. तसेंच हें आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, व्यवस्थापन हा विषय परिचारिकांच्या अभ्यासक्रमांत आहेच. तो आहे. पदविकेच्या आणि पदवीच्या शिक्षणक्रमांत त्याचे धडे असतात, त्यांवर परीक्षाही होते. अडचण निराळीच आहे. हे धडे विसाव्या-एकविसाव्या वर्षीं गिरविले जातात, तेव्हां मुलीच्या हाताखालीं एकही माणूस नसतो; आणि माणसें हाताखालीं येतात चाळिशीच्या सुमारास, तेव्हां धडे पुसून गेलेले असतात. शिक्षण आणि गरज यांच्यामध्यें वीस वर्षांची दरी पडते. ती बुजविण्याचें साधन म्हणजे सेवेंत असतांना घ्यावयाचें शिक्षण.

हें साधन नियमांनींही हातीं दिलेलें आहे. १९४७ सालच्या कायद्यानें भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वांत आली. महाराष्ट्राचा परिचारिकांविषयींचा कायदा १९६६ सालीं झाला. आणि २०२३ सालीं संसदेनें या क्षेत्रासाठीं राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा संमत केला. महाराष्ट्रांत परिचारिकेची नोंदणी एकदां झाली म्हणजे कायमची झाली, असें नाहीं. ती ठराविक मुदतीनें नवी करावी लागते, आणि त्यासाठीं मधल्या काळांत घेतलेल्या शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. हेतु चांगला आहे. पण तासांची बेरीज निराळी आणि शहाणपणाची बेरीज निराळी. सभागृहांत बसावें, सही करावी, चहा घ्यावा आणि प्रमाणपत्र पिशवींत घालून परत यावें, एवढ्यावर जर हे तास संपले, तर नोंदणी नवी होते, परिचारिका जुनीच राहते.

मग त्या तासांत शिकावें काय? पहिली गोष्ट, आपल्या गैरहजेरींतही काम बिनचूक चालेल अशी व्यवस्था लावणें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें नांव घेतलें कीं, हातीं दिवा घेतलेली कनवाळू स्त्री डोळ्यांपुढें येते. तें चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे. शुश्रूषेवरील त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकांत एक सबंध प्रकरण बारीकसारीक व्यवस्थेवर आहे. त्याचा रोख असा कीं, देखरेख करणारी व्यक्ति उठून गेली आणि रुग्णाची आबाळ सुरू झाली, तर ती देखरेख कच्ची समजावी. दया ही एका माणसाबरोबर घरीं जाते. व्यवस्था मागें राहते.

या कसोटीला उतरलेलें मोठें उदाहरण मुंबईच्या परळ भागांतील के. ई. एम. रुग्णालयाचें आहे. १९७३ च्या नोव्हेंबरांत तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयांतच अमानुष हल्ला झाला. मेंदूला कायमची इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या, त्या १८ मे २०१५ रोजीं प्राण जाईपर्यंत. जवळजवळ बेचाळीस वर्षें त्यांची शुश्रूषा त्यांच्याच व्यवसायभगिनींनीं केली. इतका दीर्घकाळ पडून राहिलेल्या त्या देहावर शय्याव्रण उठूं दिला गेला नाहीं, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ सालच्या निर्णयांतही आहे. हें केवळ दयेचें फळ नव्हे. ठराविक वेळानें कूस बदलणें, त्वचा कोरडी ठेवणें, भरविणें, पुसणें, हें काम कोणा एकीनें सारीं वर्षें केलें नाहीं. ज्यांनीं आरंभ केला त्या निवृत्त झाल्या. नव्या मुली आल्या, त्यांनीं तें उचललें. एका पाळीनें दुसऱ्या पाळीला आणि एका पिढीनें दुसऱ्या पिढीला तें न सांडतां सोंपविलें. पाळी बदलतांना खाटेजवळ उभें राहावें, रुग्णाला पाहावें, आणि काय झालें, काय राहिलें, कशावर नजर ठेवावी, हें स्पष्ट सांगावें, ही सोंपवणूक दिसावयास लहान आहे. पण घाईघाईनें दारांतच चार शब्द बोलून पाळी बदलली, कीं पुष्कळ चुका त्याच फटींतून आंत शिरतात.

दुसरी गोष्ट, वरिष्ठ जवळ नसतांना निर्णय घेणें. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या कामा रुग्णालयांत दोन सशस्त्र दहशतवादी शिरले. प्रसूतिपूर्व कक्षांत अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीवर होत्या आणि वीस गर्भवती स्त्रिया त्यांच्या स्वाधीन होत्या. त्यांनीं कक्षाचीं दारें लावलीं आणि सर्व स्त्रियांना टोकाच्या लहानशा खोलींत हलविलें. गोळीबार चालूं असतांनाच एकीला कळा सुरू झाल्या. तिला त्यांनीं भिंतीच्या कडेकडेनें प्रसूतिगृहापर्यंत नेलें, आणि ती सुखरूप बाळंत झाली. पुढें कुलथे यांनीं न्यायालयांत साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढें त्या रात्रीची हकीकत सांगितली. असा प्रसंग क्वचितच येतो, आणि कोणावरही येऊं नये. परंतु ज्या परिचारिकेला वर्षानुवर्षें प्रत्येक क्षुल्लक गोष्टीसाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावयास लावलें, तिच्याकडून त्या रात्रीं स्वतंत्र बुद्धीची अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? मोठ्या निर्णयाचें बळ लहान निर्णयांच्या रोजच्या सरावांतून येतें. म्हणून चांगली परिसेविका सारें कांहीं आपल्या मुठींत ठेवीत नाहीं. ती धाकट्या मुलींवर थोडी थोडी जबाबदारी टाकते, चुकलें तर एकांतांत समज देते, आणि साधलें तर चारचौघांत नांव घेते.

तिसरी गोष्ट, वरच्यांशीं बोलणें. रात्रीं दोन वाजतां डॉक्टरला उठवून "पेशंट बरा दिसत नाहीं" एवढेंच सांगितलें, तर तिकडून "सकाळीं पाहूं" असें उत्तर येण्याचा संभव फार. त्याऐवजीं असें सांगावें: "काल पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या बाविसाव्या खाटेवरील रुग्णाची नाडी तासाभरांत ९० वरून १२५ वर गेली आहे, रक्तदाब उतरतो आहे, आंत रक्तस्राव होत असावा असें वाटतें, आपण आतांच येऊन पाहावें." यांत परिस्थिति आहे, मागची हकीकत आहे, स्वतःचा अंदाज आहे आणि मागणी आहे. सांगण्याचा हा चार पायऱ्यांचा क्रम अमेरिकेच्या आरमारांतून रुग्णालयांत आला, आणि आज तो अनेक देशांत शिकविला जातो. त्यांत उद्धटपणा नाहीं, आणि मुळुमुळु बोलणेंही नाहीं. आपल्याकडील परिचारिकेला आदर शिकवावा लागत नाहीं. आदर राखून ठाम कसें बोलावें, हें मात्र शिकवावें लागतें.

चौथी गोष्ट, आंकडा. नाइटिंगेल यांनीं क्रिमियाच्या युद्धांतील मृत्यूंचे तक्ते मांडून सरकारला सैनिकी रुग्णालयांच्या स्वच्छतेकडे पाहावयास लावलें, आणि १८५८ सालीं इंग्लंडच्या संख्याशास्त्रीय संस्थेनें त्यांना पहिली स्त्री-सभासद करून घेतलें. आमच्याकडे परिचारिका कमी आहेत, ही तक्रार रोज होते आणि रोज वाऱ्यावर जाते. पण अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यांतील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, प्रत्येक परिचारिकेमागें एकेक रुग्ण वाढला कीं तीस दिवसांच्या आंत मृत्यु येण्याचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं वाढतो, असें त्यांना आढळलें. हें वाक्य तक्रार राहत नाहीं. तो पुरावा होतो. जी परिसेविका आपल्या कक्षांत प्रत्येक पाळीला किती रुग्ण, किती परिचारिका, किती जण खाटेवरून पडले, कितींना शय्याव्रण झाले, याची वही इमानानें ठेवते, तिच्या मागणीला वजन येतें. येथें एक स्पष्ट सांगितलें पाहिजे. नेतृत्वाच्या व्याख्यानांनीं रिकाम्या जागा भरत नाहींत. दोघींचें काम एकटीवर लादून तिला व्यवस्थापन शिकविणें, ही शिक्षणाची थट्टा होय. पण रिकामी जागा भरावी असें पटवून देण्याची कला तरी तिच्याजवळ हवी.

या सर्वांत सुशिक्षित घराचा संबंध काय? संबंध जुना आहे. पुण्यांत १९०९ सालीं सेवासदनाचें काम सुरू झालें, आणि रमाबाई रानडे यांनीं विधवा व गरजू स्त्रियांना परिचर्येचें शिक्षण मिळावें म्हणून खटपट केली. परक्या पुरुषाच्या जखमेला आपल्या घरांतल्या बाईनें हात लावावा, या कल्पनेनेंच त्या काळीं घरोघर नाकें मुरडलीं गेलीं. त्याच सेवासदनाची शाखा सोलापुरांतही निघाली, आणि तिच्या शाळेंतून येथील अनेक मुली शिकून बाहेर पडल्या. आज तीं नाकें सरळ झालीं आहेत. मुलगी परिचारिका होते, याचा घराला आनंदच वाटतो. पण तीच मुलगी चाळिशीची होऊन पुढील पदवीसाठीं किंवा दोन दिवसांच्या वर्गासाठीं बाहेरगांवीं जाऊं लागली, कीं "आतां या वयांत शिकून काय करायचें?" हा प्रश्न आजही ऐकूं येतो. रात्रपाळीहून आलेल्या सुनेनें दुपारीं पुस्तक उघडलें, तर तें घरच्या कामांतून काढलेलें अंग ठरतें. मुलाच्या बढतीच्या परीक्षेसाठीं घर जसें आवाज खालीं आणतें, तसें तें सुनेच्या परीक्षेसाठींही आणील, तर शिक्षणाचे अर्धे अडथळे घराच्या उंबरठ्यावरच दूर होतील.

आणि आपल्याच घरचें माणूस रुग्णालयांत असेल, तेव्हांही थोडा विचार व्हावा. डॉक्टर दिसेपर्यंत तासनतास खोळंबून राहावयाचें आणि समोरच्या परिसेविकेला मात्र बेडपॅनपुरती हांक मारावयाची, हें योग्य नाहीं. रुग्णाची रात्र कशी गेली हें तिला ठाऊक असतें. तिला नीट विचारावें; तीही नीट सांगते. उपचार डॉक्टरांनीं ठरविलेला असतो, पण तो मध्यरात्रीं, बरोबर वेळीं, बरोबर माणसाला पोंचतो कीं नाहीं, हें तिनें कक्षाची घडी कशी बसविली आहे त्यावर अवलंबून असतें.