रोशाचं तेल आणि रांजणातल्या अळ्या

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कोरडवाहू गावात डास कुठून येणार, असं वाटतं. खरं तर उलट आहे. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं तिथे आपण रांजण, ड्रम, हौद भरून ठेवतो. डेंग्यूचा डास गटारात नाही, याच स्वच्छ पाण्यात वाढतो. टंचाईच आपल्या दारात डास पोसते.

आता गावोगाव वनस्पतींच्या तेलाच्या बाटल्या विकायला येतात. 'नैसर्गिक आहे, अळी मरते.' आम्ही याची थट्टा करणार नाही. रोशा गवत आपल्याच डोंगरातलं. पिंपळनेर, नंदुरबार, तळोद्याकडे एकोणिसाव्या शतकात त्याच्या भट्ट्या होत्या. तेल मुंबईहून तुर्कस्तानात जायचं, तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला लागायचं. माल खानदेशचा आणि बाजारात नाव टर्किश जिरेनियम! कपाशीवाल्यांना ही तऱ्हा नवी नाही.

रोशातल्या जिरॅनिऑलने अळी मरते, ओव्याच्या तेलानेही मरते. प्रश्न मात्रेचा आहे. समजा लिटरला 50 मिलिग्रॅम तेल लागलं, तर 200 लिटरच्या ड्रमला 10 ग्रॅम. शंभर किलो हिरव्या रोशातून जेमतेम अर्धा किलो तेल निघतं. म्हणजे एका ड्रमला दोन किलो गवत, आणि तेही पुन्हा पुन्हा, कारण हे तेल उडून जातं. पाण्यात ते मिसळत नाही, साबणाचं पाणी करून फेटावं लागतं. आम्ही स्वतः एका ड्रममध्ये टाकून पाहिलं. दोन दिवस अळ्या दिसल्या नाहीत, आठवड्याने पुन्हा वळवळू लागल्या. बैलांनी त्या पाण्याला तोंड लावलं नाही ते वेगळंच.

म्हणून पिण्याच्या पाण्यात तेल नको. सांडपाण्याच्या डबक्यात, जुन्या टायरात वापरायचं तर वापरा.

आरोग्य खातं ॲबेट टाकतं, म्हणजे टेमेफॉस. लिटरला 1 मिलिग्रॅम पुरतं. आपण वर्षानुवर्षे कपाशीवर मारलेल्या मोनोक्रोटोफॉसच्याच कुळातलं ते, पण या मात्रेत पिण्याच्या पाण्यात चालतं. यावरून कुणी शेतातलं औषध ड्रममध्ये ओतू नका! माणूस मरेल. शिवाय एकच औषध सारखं मारलं की काय होतं, ते बोंडअळीने आपल्याला शिकवलंय. डासही तेच करतो.

अंड्याचा डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करा. नुसती ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. काथ्याने आतून घासा, उन्हात वाळवा, मग भरून झाकण किंवा जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधा. रिकामा करता येत नाही त्या हौदात गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात मागून पाहा.